परदेशप्रवासाचे अंदाजपत्रक

४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी मुंबईहून जहाजाने इंग्लंडला निघाले. शिक्षणाच्या खर्चाचा भार थोरल्या बंधूंनी उचलला होता. लंडनमध्ये आरंभीचे काही दिवस सभ्य गृहस्थाचा पोशाख, नृत्य आणि व्हायोलिन यांच्या पायी पैसा खर्च झाला; परंतु लवकरच त्यांनी पैपैचा हिशेब लिहिण्यास सुरुवात केली. बसचे भाडे, टपालखर्च, वर्तमानपत्रासाठी दिलेली नाणी अशी प्रत्येक बाब वहीत नोंदली जाई आणि रात्री निजण्यापूर्वी शिल्लक जुळविली जाई. हिशेब डोळ्यांसमोर आल्यावर काटकसरीच्या जागाही दिसू लागल्या. कुटुंबात राहण्याऐवजी त्यांनी स्वतंत्र खोल्या घेतल्या, त्या कामाच्या ठिकाणी पायी जाता येईल अशा निवडल्या आणि पुढे एकाच खोलीत राहून सकाळची लापशी व कोको स्वतःच्या स्टोव्हवर शिजविला. अखेरीस जेवणाचा खर्च दिवसाला एक शिलिंग तीन पेन्सांवर आला. आत्मचरित्रात ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे.

परदेशप्रवासाच्या अंदाजपत्रकाचे मूळ तत्त्व या हकीकतीत सापडते. एकूण रकमेचा आकडा मनात धरून निघणे म्हणजे अंदाजपत्रक नव्हे. कोणता खर्च निघण्यापूर्वीच ठरून जातो, कोणता दररोज होतो आणि कोणता अवचित उद्भवतो, यांची फोड करणे म्हणजे अंदाजपत्रक होय.

भारतीय प्रवाशापुढे एके काळी याहून निराळाच प्रश्न होता. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याच्या काळात घरी रुपये असले तरी परकीय चलन मिळेलच असे नसे. त्या दशकात खिशात अवघे ८ डॉलर घेऊन विदेशी विमानतळावर उतरल्याच्या आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत. १९९९ साली नवा परकीय चलन व्यवस्थापन कायदा संमत झाला व जून २००० पासून तो अमलात आला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तींसाठी उदारीकृत प्रेषण योजना सुरू केली. तेव्हा तिची वार्षिक मर्यादा २५,००० डॉलर होती. २०१५ पासून ती २,५०,००० डॉलर झाली. सामान्य प्रवाशाला ही मर्यादा कधीच आड येत नाही. पूर्वी नियमच त्याचा हात आवरून धरीत, आता ते काम त्याचे त्यालाच करावे लागते.

एक उदाहरण घेऊन ही फोड पाहू. निवृत्तीनंतर साठविलेल्या पैशांतून एका दांपत्याने दहा दिवस इटली पाहण्याचे ठरविले आहे आणि त्यासाठी ४,००,००० रुपये बाजूला काढले आहेत, असे समजा. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक युरो म्हणजे १०० रुपये असा दर धरू. विमानाच्या तिकिटांसाठी १,२०,००० रुपये लागले. इटलीसाठी शेंगेन प्रवेशपरवाना लागतो. जून २०२४ पासून त्याचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आहे. शिवाय किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय प्रवासविमा त्यासाठी अनिवार्य असतो. शुल्क, अर्जकेंद्राचा आकार व विमा मिळून ३०,००० रुपये धरू. उबदार कपडे आणि घरापासून विमानतळापर्यंतची ये-जा यांना १०,००० रुपये. म्हणजे परदेशात पाऊल ठेवण्यापूर्वीच १,६०,००० रुपये संपले.

उरलेल्या २,४०,००० रुपयांना दहाने भागण्याचा मोह येथे होतो. पण त्याआधी एकूण रकमेचा दहावा भाग, म्हणजे ४०,००० रुपये, आपत्कालीन निधी म्हणून वेगळा काढावा. हा निधी मौजेसाठी नव्हे. गाडी चुकली, सामान हरवले, आजारपणात विम्याची भरपाई मिळेपर्यंत आधी स्वतः पैसे भरावे लागले, अशा वेळी तो उपयोगी पडतो. परक्या मुलुखात उसने मागायला शेजारी नसतो, हे ध्यानात ठेवावे.

आता २,००,००० रुपये, अर्थात २,००० युरो, उरले. दिवसाला २०० युरो. त्यांपैकी निवासाला १००, दोघांच्या जेवणाला ५०, गावोगावच्या प्रवासाला ३० आणि प्रवेशशुल्कांना २० अशी वाटणी करता येईल. या वाटणीची खरी कसोटी बारीकसारीक बाबींत लागते. इटलीतील अनेक शहरांत निवासाच्या भाड्याव्यतिरिक्त माणशी दर रात्री नगरकर द्यावा लागतो. बऱ्याच उपाहारगृहांत बैठकीचा माणशी आकार बिलात वेगळा असतो, तर कॉफी उभ्याने घेतली तर बसून घेण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. जलद गाड्यांची तिकिटे आगाऊ काढल्यास कमी दरात मिळू शकतात; प्रादेशिक गाड्यांचे भाडे मात्र अंतरानुसार ठरलेले असते. त्यांचे कागदी तिकीट गाडीत बसण्यापूर्वी यंत्रात छापून घ्यावे लागते. ते न केल्यास दंड होतो.

दुसऱ्या बाजूला, बचतीच्या जागाही तेथेच असतात. रोमच्या रस्त्यांवरील सार्वजनिक नळांचे पाणी पिण्यास योग्य असते, म्हणून बाटलीबंद पाण्याचा खर्च टळतो. शासकीय संग्रहालये व पुरातत्त्वस्थळे महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य पाहता येतात. गर्दी सोसण्याची तयारी असेल, तर प्रवासाच्या तारखा त्यानुसार बेतता येतात.

चलनाची अदलाबदल हा अंदाजपत्रकाला लागलेला अदृश्य गळू होय. वर्तमानपत्रात छापलेला दर प्रवाशाला मिळत नाही. बँक वा विनिमयकेंद्र विकताना अधिक आणि विकत घेताना कमी दर लावते. उरलेले युरो परत रुपयांत बदलताना हा फरक दुसऱ्यांदा सोसावा लागतो. यास्तव गरजेपेक्षा फार अधिक रोकड नेऊ नये. रुपयाचा दर १०० वरून १०५ झाला, तर त्याच २,००,००० रुपयांचे सुमारे १,९०५ युरो येतील. त्यावर बँकेने साडेतीन टक्के अधिभार लावला, तर हाती सुमारे १,८४० युरो पडतील. तूट १६० युरोंची, म्हणजे दहा दिवसांतील जवळजवळ एका दिवसाच्या खर्चाइतकी! आगाऊ पैसे भरलेल्या प्रवासी कार्डावर भरणा करतानाचा दर कायम राहत असल्याने ही अनिश्चितता कमी होते. तेथील दुकानातील यंत्राने युरोत द्यावे की रुपयांत असे विचारल्यास युरोच निवडावेत; रुपयांतील आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात बहुधा महाग दर दडलेला असतो.

सीमांचाही विचार करावा. शेंगेन परवाना एक असला तरी चलन एक नसते: स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक व हंगेरीत फोरिंट चालतो. दोन दिवसांसाठी असा देश जोडल्यास आणखी एक अदलाबदल पदरी येते. सहल कंपनीमार्फत परदेशी सहल घेतल्यास पैसे भरतानाच उगमस्थानी करवसुली होते. ही रक्कम पुढे आयकरात जुळवून घेता येते. परंतु तोवर ती हातची गेलेली असते, म्हणून सुरुवातीच्या तरतुदीत तिला स्थान द्यावे. ज्यांना ही सारी यातायात झेपणार नाही, त्यांनी पहिला परदेशप्रवास शेजारी करण्यास हरकत नाही. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून एका भारतीय रुपयास १.६० असा स्थिर आहे आणि भूतानचा न्गुल्ट्रम रुपयाच्या बरोबरीचा आहे. तेथे दराची चिंता उरत नाही.

अंदाजपत्रक प्रवासाला निघताना पुरे होत नाही. दररोज रात्री झालेला खर्च लिहून त्या दिवसाच्या २०० युरोंशी ताडून पाहावा. चौथ्या दिवशी साठ युरो अधिक गेल्याचे दिसले, तर उरलेल्या सहा दिवसांत दररोज दहा युरो वाचवून ते भरून काढता येतात. नवव्या दिवशी कळले, तर उपाय राहत नाही. आयुष्याच्या शिलकीतून एकदाच घडणाऱ्या प्रवासात शेवटचे दोन दिवस पैशाच्या विवंचनेत खोलीत बसून काढावे लागू नयेत, एवढ्यासाठी ही वही सोबत असावी.