जोडीतला अर्धा

दुहेरीची गोष्ट : भाग 6

बॅडमिंटनच्या ऑल इंग्लंड स्पर्धेच्या पुरुष दुहेरी विजेत्यांची यादी 1972 पासून 1984 पर्यंत वाचत जावी. इंडोनेशिया, इंडोनेशिया, पुन्हा इंडोनेशिया. त्यातली सहा वर्षं तर एकट्या चुन चुन आणि जोहान वाह्युदी या जोडीच्या नावावर आहेत. 1982 साली मलेशियाचे राझिफ आणि जलानी सिदेक हे भाऊ मध्ये घुसतात. उरलेल्या दोन ठिकाणी, म्हणजे 1976 आणि 1983 साली, स्वीडनचं नाव दिसतं. पहिल्या वेळी बेंग्ट फ्रोमान, दुसऱ्या वेळी स्टेफान कार्लसन. दोन्ही वेळा त्यांच्या शेजारी उभा असलेला माणूस मात्र एकच, थॉमस शीलस्ट्रोम.

(रोमन लिपीतलं स्पेलिंग पाहून आपण 'किलस्ट्रोम' वाचू. स्वीडिश जीभ या 'क'चा जवळजवळ 'श' करते.)

एकेरीचा विजेता लोकांच्या लक्षात राहतो. दुहेरीतला खेळाडू जोडीच्या नावाने ओळखला जातो आणि जोडी फुटली की विस्मरणात जातो. शीलस्ट्रोमचं कर्तृत्व नेमकं या फटीत सापडतं. त्याच्या जोड्या बदलल्या, पण जिंकणं थांबलं नाही.

ते किती अवघड होतं, हे कळायला तेव्हाची गुणपद्धत आठवावी लागेल. आज प्रत्येक रॅलीला गुण मिळतो आणि गेम 21चा असतो. ही पद्धत 2006 साली आली. त्याआधी पुरुषांचा गेम 15चा होता आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळे. समोरच्याची सर्व्हिस असताना रॅली जिंकली, तरी फलक हलायचा नाही. दुहेरीत गेमची सुरुवात सोडली, तर प्रत्येक बाजूच्या दोघांनाही सर्व्हिस मिळायची. पहिल्याची गेली की दुसऱ्याची, तीही गेली की मगच फूल पलीकडे. त्यामुळे एकाच आकड्यावर दोन्ही जोड्या बराच वेळ अडकून पडत. चिवटपणाला इतका भाव आजच्या पद्धतीत नाही.

शिवाय दुहेरीची सर्व्हिस ही मुळातच अडचणीची गोष्ट. कोर्ट एकेरीपेक्षा तीन फुटांनी रुंद, पण सर्व्हिसची मागची रेषा अडीच फूट पुढे ओढलेली. म्हणजे उंच सर्व्हिस टाकून समोरच्याला मागे पिटाळायचं, तर जागाच अपुरी. तेव्हाच्या नियमाप्रमाणे फूल कमरेखालून मारायचं, जाळीला जेमतेम चुकवून न्यायचं, आणि समोरचा रॅकेट उगारून जाळीवर झेप घ्यायला टपलेला. सिदेक बंधूंनी यावर फुलाच्या बुचाऐवजी पिसांना रॅकेट लावण्याची युक्ती काढली. फूल असं काही लडबडत जाई, की भल्याभल्यांना ते घेता येईना. पुढे नियमानेच ती वाट बंद झाली.

1983चा मार्च उजाडला तेव्हा शीलस्ट्रोम 34 वर्षांचा होता. दुहेरीतही हे वय उतरणीचंच. त्यात समोरची गर्दी वाढलेली. 1981 साली बॅडमिंटनच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटना एक झाल्या आणि चीनचे खेळाडू ऑल इंग्लंडमध्ये दिसू लागले. आणि अशा वर्षी वेम्ब्लीला या गृहस्थाने एक नव्हे, दोन विजेतेपदं उचलली. पुरुष दुहेरी कार्लसनबरोबर, मिश्र दुहेरी इंग्लंडच्या नोरा पेरीबरोबर.

नोरा पेरी ही त्या काळातली मिश्र दुहेरीची सम्राज्ञीच. 1978, 1980 आणि 1981 ही तिन्ही ऑल इंग्लंड तिने आपल्याच देशाच्या माइक ट्रेडगेटबरोबर जिंकली होती. 1985 साली ती स्कॉटलंडच्या बिली गिलिलँडबरोबर पुन्हा जिंकली. मिश्र दुहेरीची रूढ मांडणी अशी, की बाई जाळीपाशी आणि पुरुष मागे. जाळीवरच्या हुशार बाईने समोरच्यांना फूल उचलायला भाग पाडलं, की मागच्याला स्मॅशची संधी मिळते. मात्र मागच्याने सगळं आपल्याच मनगटावर घ्यायचं ठरवलं, तर पुढची बाई नुसती शोभेची उरते. अनेक नामांकित पुरुष खेळाडू इथेच चुकले आहेत. एकाच वर्षी पुरुष दुहेरी आणि मिश्र दुहेरी जिंकणं म्हणजे एका आठवड्यात दोन वेगळ्या वळणांचा खेळ खेळणं. कार्लसनबरोबर पुढे-मागे सतत जागा बदलायच्या आणि पेरीबरोबर मागचं अख्खं अंगण सांभाळायचं.

त्याच वर्षी कोपनहेगनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आपल्याकडे ही स्पर्धा प्रकाश पदुकोण यांच्या कांस्यपदकासाठी आठवली जाते, आणि ते रास्तच. जागतिक स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. पण तिथल्या पाच सुवर्णांची वाटणी पाहण्यासारखी आहे. दोन चीनला, एक इंडोनेशियाला, एक यजमान डेन्मार्कला आणि पाचवं दोन देशांत अर्धं-अर्धं. मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात शीलस्ट्रोम आणि पेरी यांनी डेन्मार्कच्या स्टीन फ्लाडबर्ग आणि पिया नील्सन यांना हरवलं. हाच फ्लाडबर्ग त्या स्पर्धेत येस्पर हेलेडीबरोबर पुरुष दुहेरीचा विजेता ठरला होता.

सहा वर्षांपूर्वी, 1977 साली, पहिली जागतिक स्पर्धा सामुद्रधुनीच्या पलीकडे, स्वीडनच्या माल्मोत झाली होती. तिथे घरच्या प्रेक्षकांसमोर फ्रोमान आणि शीलस्ट्रोम यांना कांस्यावर थांबावं लागलं होतं. माल्मो ते कोपनहेगन हे अंतर तेव्हा बोटीने पार करावं लागे. पूल 2000 साली झाला. शीलस्ट्रोमला ते पार करायला सहा वर्षं आणि दुसऱ्या देशाची जोडीदारीण लागली.

दहा वर्षांनी, 1993 साली बर्मिंगहॅमला, स्वीडनच्या काट्रीन बेंग्टसनने मिश्र दुहेरीचं जागतिक सुवर्ण जिंकलं. तिचा जोडीदार थॉमस लुंड हा डेन्मार्कचा. म्हणजे पुन्हा अर्धंच पदक!

1996 साली अटलांटात मिश्र दुहेरी ऑलिंपिकमध्ये आली. तिथे दोघंही एकाच देशाचे लागतात. शीलस्ट्रोम-पेरी किंवा लुंड-बेंग्टसन यांना त्या कोर्टावर पाऊलही ठेवता आलं नसतं. अटलांटाचा अंतिम सामना कोरियाच्याच दोन जोड्यांत झाला आणि त्यात हरलेल्या जोडीत पार्क जू-बाँग होता. पुढच्या आठवड्यात त्याच्याविषयी.