जाब, जबाब आणि जबाबदारी : एकहाती घरगुती व्यवसायाच्या संदर्भात

‘जबाबदारी’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या पोटातील ‘जबाब’ सहसा ध्यानात येत नाही. अरबी ‘जवाब’ म्हणजे उत्तर. त्यास फारशी ‘दार’ हा प्रत्यय लागला, आणि उत्तर देण्यास बांधलेला तो जबाबदार ठरला. त्याच मुळातून आलेला ‘जाब’ मात्र मराठीत ‘दिला’ जातो तसा ‘विचारला’ही जातो. संस्कृतावरून घडविलेल्या ‘उत्तरदायित्व’ या शब्दाची घडणही तीच. सारांश, या कल्पनेत विचारणारा आणि सांगणारा असे दोन पक्ष गृहीत आहेत. जेथे व्यवसाय घरात चालतो व चालविणारी व्यक्ती एकटीच असते, तेथे विचारणारा पक्ष कोठून आणावयाचा?

काम घरी होते एवढ्यानेच ही अडचण उद्भवत नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर ‘लिज्जत’ पापडाचा उद्योग आरंभिला. तेथे पापड घरी लाटले जातात; परंतु पीठ केंद्रातून मोजून मिळते आणि पापड केंद्रात तपासून घेतले जातात. जाब व्यवस्थेतच गोवलेला आहे.

महाबळेश्वरास घरच्या स्वयंपाकघरात स्ट्रॉबेरीचा जाम करून विकणाऱ्या एकट्या व्यक्तीची स्थिती निराळी. फळाचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंतचा. गिऱ्हाइकांची गर्दी मे महिन्यात. आणि त्यानंतर चार महिने, एरवीच्या वर्षी पाच हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस. मेअखेरीस हाती आलेली रोकड नफ्यासारखी दिसते. वस्तुतः तिच्यातील काही भाग पावसाळ्यातील पोटाचा, काही बाटल्यांच्या उधारीचा, तर काही पुढील हंगामातील साखरेचा असतो. घरखर्चाचा डबा व धंद्याचा गल्ला एकच असल्यास ही वाटणी दिसत नाही. उलट दिशेने, घरातून धंद्यात गेलेला पैसाही असाच लुप्त होतो. त्यास ‘पदरमोड’ हा नेमका शब्द मराठीत आहे. पण पदरमोड कोणी लिहून ठेवीत नाही, हीच तिची खोड.

यावर जुन्या मराठी दप्तरांतील ‘रोजकीर्द’ उपयोगी पडते. फारशीत ‘रोज’ म्हणजे दिवस. सातारकर छत्रपती व पेशवे यांच्या कारभारातील दैनंदिन नोंदींची ही वही. खतावणीत नोंदी खातेवार लागतात, म्हणून ती सवडीने करता येते. रोजकीर्द त्याच दिवशी लिहावी लागते. एकही बाटली न खपलेल्या दिवसाचीही नोंद तीत असावी, तसेच स्वतःच्या श्रमाची मजुरी आणि घरासाठी केलेली उचलही. सायंकाळी लिहिणारी आणि महिन्याने वाचणारी व्यक्ती एकच असली, तरी वाचताना ती विसरलेली असते. म्हणूनच ती विचारू शकते.

मालाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असल्याने जाम लवकर बांधत नाही, आणि थकलेला हात भांडे वेळेआधी उतरवितो. साखरेसह विद्राव्य घन द्रव्यांचे प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांच्या बरेच खाली राहिले की बुरशीस वाव मिळतो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली अल्प उलाढालीच्या घरगुती उत्पादकासही नोंदणी करावी लागते, आणि बाटलीवर उत्पादनाची तारीख व घाण्याचा क्रमांक द्यावा लागतो. हा क्रमांक रोजकीर्दीतही लिहिला असेल, तर दूरच्या गावाहून तक्रार आल्यावर त्या दिवशी किती फळ, किती साखर आणि किती वेळ आंच हे वहीतून सांगता येते.