नव्या शतकाचा फेरफार

मुंबईतून पाऊस केव्हा परततो? शाळेत शिकलेलं उत्तर सप्टेंबरअखेर असं आहे. भारतीय हवामान विभागाच्या कोष्टकातही अनेक वर्षं २९ सप्टेंबर हीच तारीख होती. एप्रिल २०२०मध्ये विभागाने मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईची आगमनाची तारीख १० जूनवरून ११ जूनवर गेली, परतीची मात्र २९ सप्टेंबरवरून थेट ८ ऑक्टोबरवर. जुन्या तारखा १९०१ ते १९४० या काळातल्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. म्हणजे एकविसाव्या शतकाची वीस वर्षं उलटेपर्यंत 'पाऊस लांबला' हे आपण आजोबा-पणजोबांच्या पावसाशी ताडून म्हणत होतो.

हा बदल जाहीर झाला तेव्हा बातम्या आल्या आणि विरल्या. आज कोणी मराठीत शोधू लागलं तर त्याला दोन्ही तारखा सापडतील. एका पानावर २९ सप्टेंबर, दुसऱ्यावर ८ ऑक्टोबर. त्यातली जुनी कोणती, नवी कोणती आणि मध्ये काय घडलं, हे सांगणारी जागा त्याला सहजी सापडत नाही. या लेखाचा विषय ती जागा आहे. नव्या शतकात आपल्या भोवतालात काय काय बदललं याची सार्वजनिक माहिती देणारं मराठी संकेतस्थळ उभं करायचं झालं, तर त्याची आखणी कशी असावी?

माझ्या मते त्याचा नमुना आपल्या तलाठ्याच्या दप्तरात आहे. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीचा मालक बदलला, वारसाची नोंद झाली, बोजा चढला किंवा उतरला, की त्याचा फेरफार लिहिला जातो. त्याला क्रमांक आणि तारीख असते, कशाच्या आधारे बदल झाला ते लिहिलेलं असतं. संबंधितांना नोटीस जाते, हरकत आली तर ती तक्रारींच्या वेगळ्या नोंदवहीत घेतली जाते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव खोडून नाहीसं करत नाहीत. त्याला कंस होतो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. पन्नास वर्षांनी वारस भांडायला उभे राहिले, तर कोणाचं नाव केव्हा आणि का गेलं हे वाचता येतं. या व्यवस्थेत दिरंगाई होते, गैरप्रकार होतात, हे खेड्यात जमीन असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण तिची रचना विलक्षण शहाणी आहे, कारण ती बदलालाच माहिती मानते.

ज्ञानकोशाच्या परंपरेत हे नेमकं अवघड गेलं. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'साठी भागभांडवलाची कंपनी काढली, वर्गणीदार जमवले आणि एका पारतंत्र्यातल्या प्रांतात २३ खंडांचं काम तडीस नेलं. अकारविल्हे नोंदी सुरू करण्यापूर्वी त्यांनी पाच प्रस्तावनाखंड लिहिले. जगाचा आणि हिंदुस्थानचा आढावा घेतल्याशिवाय सुटी माहिती वाचकाच्या हाती देऊ नये, ही त्यांची धारणा होती आणि मला ती आजही पटते. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने पुढे हा ज्ञानकोश महाजालावर आणला, हे मोठंच काम झालं. पण तिथे पोचलेला वाचक शंभर वर्षांपूर्वीच्या जगात उभा असतो. ज्ञानकोश पूर्ण झाला तेव्हा प्लूटोचा शोधही लागलेला नव्हता. तो लागला १९३०मध्ये. मग शाळांतून नऊ ग्रह शिकवले गेले आणि ऑगस्ट २००६मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं. आठ, नऊ आणि पुन्हा आठ. कोणत्या वर्षी लिहिलेलं वाचतो आहोत हे ठाऊक नसेल, तर जुन्या पुस्तकातला आकडा आज योगायोगाने बरोबर ठरतो आणि मधल्या काळातला चुकीचा.

वाईच्या मराठी विश्वकोशाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६मध्ये आला आणि विसाव्या खंडापर्यंत यायला नव्या शतकाचं दुसरं दशक उजाडलं. कोश अकारविल्हे असल्यामुळे काळ वर्णमालेत गोठला. 'अ'ने सुरू होणारे देश आणि शास्त्रं सत्तरच्या दशकात थांबली, 'ह'ने सुरू होणारी कितीतरी पुढे आली. अफगाणिस्तान पहिल्या खंडात येतो. त्यानंतर त्या देशात १९७८चं सत्तांतर झालं, १९७९मध्ये सोव्हिएत फौजा शिरल्या, १९९६मध्ये तालिबानने काबूल घेतलं, २००१मध्ये अमेरिकेचं युद्ध सुरू झालं आणि २०२१मध्ये तालिबान परतले. छापील खंडाला यातलं काहीच कळणं शक्य नव्हतं. हा संपादकांचा दोष नव्हता. इतक्या मोठ्या कोशाची नवी आवृत्ती काढत राहणं कोणत्याही छोट्या भाषिक समाजाला पेलणारं नसतं.

विश्वकोश संगणकावर आला, खंड सर्वांना मोफत वाचायला मिळाले आणि मग विश्वकोशाच्या मंडळाने ज्ञानमंडळांची कल्पना मांडली: एकेक विषय एखाद्या विद्यापीठाकडे किंवा संस्थेकडे सोपवायचा, तिथल्या जाणकारांनी जुन्या नोंदी अद्ययावत करायच्या आणि नव्या लिहायच्या. विश्वकोशाच्या इतिहासातला हा फार महत्त्वाचा निर्णय आहे असं मी मानतो, कारण त्यामुळे नोंदीला पुन्हा मालक मिळाला. अद्ययावत करणं म्हणजे कोणाचं तरी नाव त्या कामापुढे असणं. मला हवं आहे ते याच्याही एक पाऊल पुढचं: १९७६चा मजकूर, आजचा मजकूर आणि दोघांमधला फेरफार, तिन्ही एका ठिकाणी.

विकिपीडियावर हे तांत्रिकदृष्ट्या आहेच. मराठी विकिपीडिया २००३मध्ये सुरू झाला आणि त्याच्या प्रत्येक पानामागे त्या पानाचा इतिहास साठवलेला असतो. पण तो मजकुराच्या संपादनाचा इतिहास आहे. कोणी कोणता शब्द केव्हा बदलला ते कळतं. जगात काय केव्हा बदललं हे त्यातून वेचून काढावं लागतं आणि सामान्य वाचक तिथवर जात नाही.

पावसाकडे परत येतो, कारण आखणीचा कस तिथे लागतो. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांवरून ८९ सेंटिमीटर धरली जाई. मग १९६१ ते २०१० घेऊन ती ८८ झाली आणि २०२२पासून १९७१ ते २०२० घेऊन ८७. एखाद्या हंगामात ८८ सेंटिमीटर पाऊस पडला, तर पहिल्या मोजमापाने तो ९९ टक्के, दुसऱ्याने १०० आणि तिसऱ्याने १०१ टक्के ठरतो. पाऊस तोच, आभाळ तेच. वर्तमानपत्रात 'सरासरीच्या इतके टक्के' एवढंच छापलं जातं आणि ती सरासरी कोणत्या पन्नास वर्षांची हे गळून जातं. शिवाय सरासरी घटली म्हणजे हवामानबदलाचा पुरावा मिळाला, अशी उडीही घेता येत नाही. पावसाळ्यांत काही दशकं ओली आणि काही कोरडी अशी नैसर्गिक आवर्तनं असतात आणि ही घट हवामान विभागाने त्यांच्याशी जोडली आहे. बदलाची नोंद करणाऱ्याने बदल आणि त्याचं कारण या दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या पाहिजेत. पहिली मोजलेली असते, दुसरी बहुतेकदा वादातली.

तारखेइतकीच जागाही लागते. २६ जुलै २००५च्या प्रलयात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा पडला नाही. 'मुंबईत ९४४ मिलिमीटर' हे वाक्य म्हणून अर्धंच आहे. त्यात आणखी एक मेख आहे. हवामान विभागाचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे हा पाऊस तक्त्यांमध्ये २७ जुलैच्या रकान्यात दिसतो. दोन तारखा पाहून एखाद्या विद्यार्थ्याला वाटावं की कोणीतरी चुकलं आहे. कोणीच चुकलेलं नाही, पण हे त्याला सांगणारं मराठी पान हवं.

प्रशासनातले बदल नोंदवायला तुलनेने सोपे, कारण त्यांच्यामागे आदेश असतो. राज्याच्या शासन निर्णयाच्या शेवटी संगणक सांकेतांक छापलेला असतो आणि त्याचे पहिले आकडे तारखेचेच असतात. प्रत्येक नोंदीखाली हा सांकेतांक दिला तरी वाचक मूळ कागदापर्यंत पोचू शकेल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला: वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके. जव्हारमधल्या कुपोषणावर नव्वदच्या दशकातले आकडे शोधणाऱ्याने ठाण्याच्या खाली पाहायचं असतं. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये डहाणूबद्दल वाचायचं असेल तरी तेच. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४मध्ये. नावांवरून वाद झाले, पुढेही होतील. संकेतस्थळाचं काम त्या वादात निकाल देण्याचं नाही. जुन्या नावाने शोधणाऱ्याला नव्या नावाच्या पानावर नेणं आणि नव्या नावाने शोधणाऱ्याला जुनी कागदपत्रं सापडू देणं, एवढं त्याने चोख करावं.

आता मराठीचं म्हणून एक दुखणं, ज्याची मला सर्वाधिक काळजी वाटते. महाजालावरचं आरंभीचं बरंचसं मराठी लेखन ज्या त्या संस्थेच्या स्वतःच्या फाँटमध्ये होतं. फाँट संगणकावर असेल तर मराठी दिसे, नसेल तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा. शोधयंत्राला तर तो कायमच ढिगारा होता. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण घरोघरच्या संगणकांवर ती विंडोज २०००नंतर हळूहळू पोचली आणि छपाईच्या धंद्यात जुने फाँट त्यानंतरही टिकले. या संधिकाळातलं, म्हणजे शतक बदलतानाचंच, कितीतरी मराठी आज वाचता येत नाही.

युनिकोड आल्यानेही सगळं सुटलं नाही. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन वेगवेगळ्या सांकेतिक पद्धतींनी टंकता येतो. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८मध्ये आलं, त्याआधीचे लोक ते जोडून लिहीत आणि काही कळफलक अजून तसंच लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतं आणि दुसरं निसटतं. नव्या संकेतस्थळाचा शोध ही सगळी रूपं एकच मानील, हे पहिल्या दिवशी ठरवायला हवं. नंतर ठरवू म्हटलं तर हजारो पानं हातात येईपर्यंत उशीर झालेला असतो. स्कॅन केलेली चित्रं चढवून काम झालं असं समजणंही थांबायला हवं. चित्रातली अक्षरं शोधता येत नाहीत, अंधांच्या वाचकप्रणालीला वाचता येत नाहीत आणि तालुक्याच्या गावात मोबाइलवर उघडायला जड जातात.

आणि पानं मरतात. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४मध्ये केलेल्या पाहणीत आढळलं, की २०१३मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. छापील ज्ञानकोश शंभर वर्षं ग्रंथालयाच्या कपाटात टिकला. त्यामुळे मी अशा संकेतस्थळाच्या खर्चाचा विचार करताना उद्घाटनाच्या वर्षाचा करत नाही, दहाव्या वर्षाचा करतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ने २००५मध्येच सार्वजनिक प्राधिकरणांना सांगितलं, की १७ बाबींची माहिती १२० दिवसांत स्वतःहून प्रसिद्ध करा आणि त्यानंतर दर वर्षी अद्ययावत करा. कायद्याने वर्षाची मुदत घातली, पण अनेक कार्यालयांत ते करणारा माणूस नेमला गेला नाही. पानाच्या तळाशी 'शेवटचा बदल' म्हणून जी तारीख दिसते, ती पानाला हात लागल्याची असते. वर दिलेला आकडा कोणत्या वर्षाचा, हे तिच्यावरून कळत नाही.

म्हणून माझ्या आखणीत प्रत्येक नोंदीला रखवालदार आहे. राज्यात हजारो अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, महाविद्यालयांत भूगोल आणि इतिहासाचे विभाग आहेत, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी लाखो मुलं 'चालू घडामोडी'च्या वह्या भरत बसली आहेत. या मुलांना आकड्याला जाब विचारायची सवय आहे. दोन पुस्तकांत दोन उत्तरं दिसली की ती अस्वस्थ होतात, कारण एका गुणाने वर्ष वाया जातं. त्यांच्या हरकती घेणारी नोंदवही संकेतस्थळावर उघडी हवी, तलाठ्याच्या तक्रार नोंदवहीसारखीच क्रमांकाने आणि तारखेने, आणि प्रत्येक हरकतीचा निकाल नावानिशी दिलेला हवा. जिल्ह्याच्या बदलांची राखण त्या जिल्ह्यातल्या ग्रंथालयाने करावी, विषयाची राखण ज्ञानमंडळाने. पगारी माणसं थोडी लागतील, पण लागतीलच. स्वयंसेवेच्या भरवशावर सातबारा चालत नाही.

सुरुवात कुठून करावी, याचं उत्तर जनगणनेच्या वेळापत्रकानेच दिलं आहे. २०११नंतर देशात जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ठरली आहे. दशकाच्या ऐवजी सोळा वर्षांचं अंतर पडल्याने तुलनेची सगळी जुनी कोष्टकं मोडणार आहेत. दशवार्षिक वाढीचा दर २००१ ते २०११ असा लिहिला जाई, आता तो तसा लिहिता येणार नाही आणि बेसावध माणूस सोळा वर्षांची वाढ दहा वर्षांच्या वाढीशेजारी मांडून मोठमोठे निष्कर्ष काढील. राज्यातल्या ३६ जिल्ह्यांची, तालुक्यांची आणि नगरपालिकांची २००१पासूनची सीमांची व नावांची फेरफार नोंदवही त्याआधी तयार असेल, तर हा गोंधळ टाळता येईल. पालघरची २०११ची लोकसंख्या आज जी दिली जाते, ती ठाणे जिल्ह्याच्या कोष्टकातल्या आठ तालुक्यांची नंतर केलेली बेरीज आहे. स्वतंत्र जिल्हा म्हणून त्याची पहिली मोजणी आता होईल.