केटी सोडवायचीय? आधी वही मिटा

केटी लागली की आपण त्याच नोट्स परत परत वाचतो. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पेपरात मात्र आठवत नाही. असं का होतं?

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटलं : ४२ विरुद्ध ५६.

म्हणून एक टॉपिक वाचा, वही मिटा, कोऱ्या कागदावर लिहा. सुटलेलं तेवढं परत बघा. कागद अर्धा रिकामा राहिला तर घाबरू नका; काय येत नाही ते परीक्षेआधी कळलं ना!