हृदयनिष्फलतेवरील जनुकोपचार
हृदयाचे स्नायू दुर्बल वा ताठर झाल्याने शरीराच्या गरजेइतका रक्तपुरवठा होत नाही, त्या अवस्थेस हृदयनिष्फलता म्हणतात. धाप लागणे, थकवा व पायांवरील सूज ही तिची प्रमुख लक्षणे होत. प्रचलित औषधांनी हृदयावरील ताण हलका होतो. परंतु कोशिकेतील मूळ बिघाड सहसा तसाच राहतो. योग्य जनुक (आनुवंशिकतेचे एकक) कोशिकेत पोहोचवून तो दूर करणे, हे जनुकोपचाराचे उद्दिष्ट होय.

कॅल्शियम कोशिकाद्रव्यात आले की हृत्स्नायू आकुंचन पावतो व ते साठ्यात परत ओढले गेले की शिथिल होतो. परत ओढण्याचे हे कार्य ‘सर्का-२ए’ नावाचे प्रथिन करते. निष्फल हृदयात ते उणे पडते. म्हणून त्याचे जनुक ॲडेनो-सहचारी या निरुपद्रवी विषाणूच्या कवचात भरून हृद्‌रोहिणीत सोडण्यात आले. ‘क्युपिड’ या चाचणीचे ३९ रुग्णांवरील निष्कर्ष (२०११) आशादायक होते. मात्र २५० रुग्णांवरील दुसऱ्या चाचणीत (२०१५) काहीही लाभ दिसला नाही. तपासलेल्या हृदयऊतकात जनुक फारच अल्प आढळले. तेव्हा कल्पना चुकली की मात्रा अपुरी पडली, हे अनिर्णितच राहिले.

खरी अडचण पोहोचविण्याचीच आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांनी विकसित केलेल्या व २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या रक्तकर्करोगावरील उपचारात रुग्णाच्या श्वेतकोशिका बाहेर काढून, त्यांत जनुक घालून परत सोडतात. हृदयाच्या कोशिका अशा काढता येत नाहीत. शिवाय अनेकांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आधीच असतात. कवचाची क्षमताही सुमारे ४,७०० आधारकांपुरती असल्याने टायटिनाचे प्रचंड जनुक त्यात मावत नाही.

त्यामुळे एकाच जनुकाच्या दोषाने होणाऱ्या हृत्स्नायुविकारांकडे लक्ष वळले आहे. डॅनन विकाराच्या सात रुग्णांवरील उत्साहवर्धक निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२५ मध्ये पुढील टप्प्यात एक रुग्ण दगावल्याने ती चाचणी काही काळ स्थगित झाली.

भारताच्या दृष्टीने मायोसीन-बंधक प्रथिन-सी याचे जनुक महत्त्वाचे आहे. त्यातील २५ आधारकांची त्रुटी सुमारे ४ टक्के भारतीयांत असून तिचा हृदयनिष्फलतेशी संबंध २००९ मध्ये दाखविण्यात आला. ती असलेल्या प्रत्येकास विकार होतोच असे नाही. याच जनुकाच्या दोषांवरील मानवी चाचणी अमेरिकेत २०२३ मध्ये सुरू झाली. तथापि भारतीय त्रुटीत प्रथिनाचे टोकच बदलते. निर्दोष प्रत पुरविली तरी बदललेले प्रथिन तयार होतच राहते.