ठोकळ्यांची भाषा आणि मांजराची उडी

मुले संगणकावर खेळून वेळ दवडतात, ही तक्रार दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत कोणत्याही मराठी घरी ऐकू येते, आणि ती निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु खेळ खेळणे निराळे आणि खेळ घडविणे निराळे. उत्तरायणाला विकतचा पतंग उडविणारा आणि कामट्या सोलून स्वतः पतंग बांधणारा यांत जो फरक, तोच येथेही आहे. खेळ घडविण्याचा छंद आता आठ-दहा वर्षांच्या मुलाच्याही आवाक्यात आला आहे. वडीलधाऱ्यांनी त्याची नीट ओळख करून घ्यावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेली ‘स्क्रॅच’ ही भाषा २००७ साली लोकांपुढे आली. सीमूर पॅपर्ट प्रभृतींनी १९६७ साली मुलांसाठी रचलेली ‘लोगो’ ही तिची पूर्वज. एरवी संगणकाला द्यावयाच्या आज्ञा टंकून लिहाव्या लागतात आणि एखादे चिन्ह चुकले की सारे अडते. स्क्रॅचमध्ये प्रत्येक आज्ञा हा एक रंगीत ठोकळा असतो. मुलाने तो उचलावा आणि दुसऱ्याखाली बसवावा. जे जुळू नये ते जुळतच नाही. यासाठी पैसाही मोजावा लागत नाही.

नवशिका मुलगा बहुधा ओट्यावरून ओट्यावर उड्या मारीत जाण्याचा खेळ करतो. इंग्रजीत यालाच प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. जपानच्या निन्तेंदो कंपनीतील शिगेरू मियामोतो यांच्या ‘डाँकी काँग’ने १९८१ साली हा प्रकार जगभर गाजविला. त्याचे छोटेसे रूप घरी रचणे मुळीच अवघड नाही. स्क्रॅचचा रंगमंच ४८० पावले रुंद व ३६० पावले उंच असतो. त्यावर एक मांजर उभे असते. एका रंगाने जमीन व ओटे काढावेत. बाणाची कळ दाबताच मांजर डावी-उजवीकडे सरकेल, असे ठोकळे जोडावेत. येथवर सारे सोपे.

खरी गंमत उडीत आहे. संगणकाला गुरुत्वाकर्षण ठाऊक नसते. ते मुलालाच निर्माण करावे लागते. त्यासाठी तो ‘वेग’ नावाची एक संख्या ठेवतो. उडीच्या वेळी वेग १० करावयाचा. प्रत्येक फेरीत मांजर वेगाइतके वर सरकते आणि मग वेग एकाने घटतो. १०, ९, ८ असे करीत तो शून्यावर येतो, पुढे उणे होतो, आणि मांजर खाली येऊ लागते. जमिनीचा रंग लागला की वेग शून्य. एवढ्या चार ओळींत वर फेकलेल्या चेंडूचा सारा इतिहास आला!

या उडीची उंची किती? १० पासून १ पर्यंतची बेरीज, म्हणजे ५५ पावले. आता वेग दुप्पट, म्हणजे २० करा. उंची दुप्पट न होता २१० पावले, जवळजवळ चौपट होते. वेग दुप्पट तर उंची चौपट, हा निसर्गनियम शाळेत पुढे यथावकाश येतोच. येथे तो मुलाच्या बोटांना आधीच कळतो.

चुकाही अशाच शिकवितात. पाय जमिनीला लागले असतील तरच उडी, ही अट विसरली तर मांजर अधांतरी चढतच जाते. वेगाने पडताना ते जमिनीत थोडे रुतते. मग जमीन सुटेपर्यंत त्याला एकेक पाऊल वर उचलावे लागते. अशा वेळी कोणी रागावत नाही, गुण कापीत नाही. कोठे बिघडले ते शोधावयाचे, एवढेच.

आपल्या शहराला ही रीत परकी नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनाने हाताने करून शिकण्याचाच धडा घालून दिला. त्याच कलाभवनाचे विद्यार्थी दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, पण त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर हलती करून दाखविली होती. स्क्रॅचमधील मांजराला दोन चित्रे असतात. ती आळीपाळीने दाखविली की ते चालू लागते. युक्ती तीच.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांच्या अधिक जिव्हाळ्याची आहे. आपली मुले शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर गुजराती बोलतात. मराठी उरते ती देवघरापुरती आणि जेवणाच्या वेळेपुरती. नवी विद्या म्हटली की तिथे मराठीचे काम नाही, अशी त्यांची समजूत होऊन बसते. स्क्रॅचमध्ये मात्र संख्येला देवनागरीत ‘वेग’ हे नाव देता येते. स्वतः रचलेल्या ठोकळ्यावर ‘उडी’ असे लिहिता येते. मांजराच्या तोंडी मराठी वाक्य घालता येते, आणि आजीचा आवाज ध्वनिमुद्रित करून खेळात वापरता येतो. महाराजांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ साली प्रसिद्ध करवून कारभाराच्या शब्दांना देशी भाषांतील प्रतिशब्द मिळवून दिले. त्याच गावातील नातवाने आपल्या मांजराच्या गतीला ‘वेग’ म्हणावे, ही अपेक्षा काही फार मोठी नव्हे.

वेळेची मर्यादा हवीच. दुसऱ्याचे पाहून ठोकळे जसेच्या तसे लावले तर हाती काही लागत नाही, हेही खरे. त्याची परीक्षा सोपी आहे. आजोबांनी शेजारी बसावे आणि विचारावे, “बाळ, या दहाचे पंधरा केले तर मांजर किती उंच जाईल?” मुलाने आधी आकडा सांगावा आणि मगच उडी मारून दाखवावी. उत्तर १२० आले, तर त्याचा तासभर सत्कारणी लागला असे समजावे.