हिऱ्याच्या पात्याची निगा

नळाची पाइप टाकायची असली की काँक्रीटचा रस्ता कापतात. यंत्राला गोल पाते असते. त्याला हिऱ्याचे पाते म्हणतात. अंगठीतला हिरा नव्हे हो! कारखान्यात केलेले हे हिऱ्याचे बारीक कण. धातूच्या भुकटीत मिसळून त्यांचे तुकडे बनवतात आणि पोलादी चकतीच्या कडेला जोडतात. कापायचे काम तुकड्यांचे. चकती त्यांना नुसती धरून असते.

तुकडे झिजणारच. पण पुष्कळदा तुकडे शाबूत राहतात आणि त्यांच्या बुडाशी पोलादच पातळ होते. असे का व्हावे? कापताना वाळूचा चुरा निघतो. तो चिरेत कोंडला की पोलाद घासतो, राखेने तांब्या घासावा तसा. काँक्रीट ताजे असले तर वाळू लवकर सुटते, मग झीज फार. आणि काँक्रीटखाली मुरूम-वाळू असते. पाते तिथवर उतरले की पोलादाचे झालेच!

म्हणून थर किती जाड आहे ते आधी बघा. पाते खाली मुरमात जाऊ देऊ नका. तळाचा बोटभर थर पहारीने फोडा. पाण्यावर चालणारे यंत्र असेल तर पाणी दोन्ही बाजूंनी भरपूर सोडा. पाण्याने पाते गार राहते, शिवाय चुरा वाहून जातो.

यंत्र बंद करून तुकड्यांच्या बुडाशी रोज नजर टाका. तिथे खाच पडली असेल तर ते पाते काढा. तसेच चालवले तर तुकडा तुटून गोळीसारखा सुटतो. "अजून हिरा शिल्लक आहे की," असे मुकादम म्हणेल. म्हणू द्या.